चालक नसलेल्या गाडीचा अपघात: दोष कुणाचा, भरपाई कुणाची?

पोस्ट मोठी आहे, आधीच सांगतो. दोन भागांत टाकायचा विचार होता, पण तुकडे केले की मुद्दा हरवतो. सवडीनं वाचा.

मी जिल्हा न्यायालयात मोटार अपघाताचे दावे चालवतो. त्यामुळे "वकीलसाहेब, स्वतः चालणारी गाडी आली आणि तिनं कुणाला उडवलं, तर केस कुणावर करायची?" हा प्रश्न हल्ली लग्नाच्या पंगतीतसुद्धा कानावर येतो. विचारणारे गमतीनं विचारतात. मला त्यात फारशी गंमत वाटत नाही, कारण घरचा कर्ता माणूस रस्त्यावर गेलेली कुटुंबं माझ्यासमोर रोज बसलेली असतात. शिवाय हा प्रश्न वाटतो तितका नवीनही नाही. यंत्रानं माणूस मारला, आता जबाबदार कोण, हे कायद्याला आगगाडी आली तेव्हापासून विचारलं जातंय. आधी काय उत्तरं दिली गेली ते पाहिलं, तर पुढचं उत्तर बरंचसं हाती लागतं.

सुरुवात अलीकडच्या घटनेपासून करू.

१८ मार्च २०१८, रविवार. अमेरिकेच्या ॲरिझोना राज्यातलं टेम्पी शहर. रात्री दहाच्या सुमाराला एलेन हर्झबर्ग नावाच्या ४९ वर्षांच्या बाई सायकल हातात धरून मोठा रस्ता ओलांडत होत्या. उबर कंपनीची चाचणीवर असलेली स्वयंचलित व्होल्वो आली आणि तिनं त्यांना धडक दिली. त्या वाचल्या नाहीत. स्वयंचलित गाडीच्या धडकेत पादचाऱ्याचा मृत्यू झाल्याची ही जगातली पहिली नोंद मानली जाते.

गाडीत स्टिअरिंगमागे कंपनीची एक कर्मचारी बसलेली होती. काही चुकलं तर ब्रेक मारायचा, एवढंच तिचं काम. पण त्या वेळी तिची नजर रस्त्यावर नव्हती, मोबाइलवर होती. अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळानं २०१९ मध्ये अपघाताचं मुख्य कारण म्हणून याच दुर्लक्षावर बोट ठेवलं. पण त्याच तपासात आणखीही गोष्टी बाहेर आल्या. धडकेच्या ५.६ सेकंद आधीच गाडीच्या यंत्रणेला समोर काहीतरी दिसलं होतं. ते काय आहे हे मात्र तिला ठरवता येईना. कधी वाहन, कधी सायकल, कधी 'इतर'. झेब्रा क्रॉसिंग नसलेल्या जागी माणूस रस्ता ओलांडू शकतो, हे त्या सॉफ्टवेअरमध्ये गृहीतच धरलेलं नव्हतं! व्होल्वोची स्वतःची आपत्कालीन ब्रेकची सोय होती, पण गाडी कॉम्प्युटरच्या ताब्यात असताना ती बंद राहील अशी व्यवस्था होती. आधी अशा गाडीत दोन माणसं बसायची, कंपनीनं ती एकावर आणली होती.

पुढे काय झालं? २०१९ मध्ये सरकारी वकिलांनी सांगितलं की कंपनीवर फौजदारी जबाबदारी येत नाही. २०२० मध्ये त्या कर्मचारी बाईवर खटला भरला गेला. २०२३ मध्ये तिनं कमी गंभीर गुन्हा कबूल केला आणि तिला तीन वर्षांची प्रोबेशन मिळाली.

तिची चूक नव्हती असं मी म्हणत नाही. चूक होतीच. पण गाडी कुणी बनवली, सॉफ्टवेअर कुणी लिहिलं, ब्रेक कुणी बंद ठेवला, माणसं कुणी कमी केली, या सगळ्यांतून फौजदारी कोर्टात उभी राहिली ती फक्त धडकेच्या सगळ्यात जवळ बसलेली, सगळ्यात कमी पगाराची व्यक्ती. हे लक्षात ठेवा, कारण इतिहासात नव्या यंत्राच्या बाबतीत पहिलं पाऊल बहुतेक वेळा असंच पडलेलं आहे.

आता मागे जाऊ.

इंग्लंडमध्ये मध्ययुगापासून एक विचित्र कायदा होता, 'डिओडंड' नावाचा. लॅटिनमध्ये अर्थ होतो 'देवाला द्यायचं ते'. एखाद्या वस्तूमुळे माणूस मेला, मग ती बैलगाडी असो, घोडा असो की अंगावर पडलेलं लाकूड असो, ती वस्तूच दोषी धरायची आणि तिची किंमत राजाकडे जमा करायची. मूळ कल्पना अशी की तो पैसा धर्मकार्याला जावा. शेकडो वर्षं हे चाललं, कारण बैलगाडीची किंमत ती किती असणार?

मग आगगाडी आली. १८४१ च्या ख्रिसमसच्या आदल्या दिवशी रेडिंगजवळ सोनिंगच्या खोदमार्गात ग्रेट वेस्टर्न रेल्वेची गाडी रुळावर घसरून आलेल्या मातीच्या ढिगाऱ्यात घुसली. पुढच्या उघड्या डब्यांत बसलेले मजूर चिरडले गेले, नऊ माणसं गेली. चौकशीच्या ज्युरीनं इंजिन आणि डब्यांवर १००० पौंडांचा डिओडंड लावला. रेल्वे कंपन्या हादरल्या. असंच चाललं तर धंदा कसा करायचा?

१८४६ मध्ये ब्रिटिश संसदेनं डिओडंड रद्द केला. पण त्याच वर्षी दुसरा कायदाही केला: कुणाच्या चुकीमुळे माणूस मेला तर त्याच्या बायकामुलांना दावा लावता येईल. तोवर तसा दावाच करता येत नव्हता. जखमी माणूस दावा लावू शकत होता, मेलेल्याचे वारस नाही. म्हणजे मारणाऱ्याला जखमी करण्यापेक्षा जीव घेणं स्वस्त पडत होतं!

हा बदल आपल्याकडे किती लवकर आला पाहा. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदर ते ठाणे गाडी धावली. १८५५ मध्ये आपला 'फेटल ॲक्सिडेंट्स ॲक्ट' आला. त्याच्या सुरुवातीलाच लिहिलंय की अशा मृत्यूबद्दल आजवर कुठल्याही कोर्टात दावा चालत नव्हता. म्हणजे इथल्या माणसाला भरपाईचा हा हक्क मिळाला तो आगगाडी सुरू झाल्यावर दोनच वर्षांत.

पण त्यात एक मेख होती. दावा लावणाऱ्यानं समोरच्याची चूक सिद्ध करायची. गिरणीत साच्यावर हात गेलेल्या कामगारानं मालकाची चूक कशी दाखवायची? साक्षीदार कोण? त्याच मालकाकडे नोकरी करणारे. यंत्र कुणाच्या ताब्यात? मालकाच्या. म्हणून १९२३ मध्ये कामगार भरपाई कायदा आला आणि त्यानं पहिल्यांदा दोन प्रश्न वेगळे केले. चूक कुणाची हा एक प्रश्न, आणि घर कसं चालायचं हा दुसरा. काम करता करता अपघात झाला असेल तर, काही अपवाद सोडून, मालकानं ठरलेली भरपाई द्यायची, चुकीचा वाद न घालता. गिरणगावातल्या कित्येक घरांना आधार मिळाला तो या एका वाक्यानं.

मोटारीला मात्र हे शहाणपण फार उशिरा लागू झालं.

इंग्लंडमध्ये १८६५ चा कायदा होता की रस्त्यावरच्या यांत्रिक वाहनापुढे एक माणूस लाल बावटा घेऊन चालला पाहिजे, आणि वेग गावात ताशी २ मैल, बाहेर ४ मैल. आज हसू येतं, पण त्यामागचा विचार साधा होता: धोका आणणाऱ्यानं धोक्याची सूचना द्यायची. पुढे नियम सैल होत गेले. १७ ऑगस्ट १८९६ ला लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आवारात ब्रिजेट ड्रिस्कॉल ही बाई प्रात्यक्षिकाच्या मोटारीखाली सापडून गेली. ज्युरीनं 'अपघाती मृत्यू' असा निकाल दिला. कुणालाच जबाबदार धरलं नाही. चौकशी अधिकाऱ्यानं आशा व्यक्त केली की असं पुन्हा कधी घडू नये. पुढचं आपण सगळे जाणतोच.

जर्मनीनं वेगळा रस्ता धरला. तिथे १९०९ पासून कायदा असा की गाडी ज्याच्या नावावर, ज्याच्या ताब्यात, त्यानं तिच्या धोक्याची भरपाई द्यायची, चालकाची चूक सिद्ध होवो न होवो.

गाडी बनवणारा या चित्रात आला तो १९१६ मध्ये. न्यूयॉर्कमध्ये डोनाल्ड मॅकफर्सन नावाच्या गृहस्थांच्या ब्यूक गाडीचं लाकडी चाक मोडलं आणि ते जखमी झाले. कंपनी म्हणाली, चाक आम्ही बनवलेलं नाही, दुसऱ्याकडून घेतलंय, आणि या गृहस्थांनी गाडी आमच्याकडून नाही, डीलरकडून घेतलीय; आमचा त्यांच्याशी करारच नाही. १८४२ पासून इंग्रजी कायद्यात हा बचाव चालत आला होता. न्यायमूर्ती कार्डोझो यांनी तो फेटाळला. वस्तू निष्काळजीपणे बनली तर धोका होणार हे बनवणाऱ्याला कळायला हवं, आणि त्याची जबाबदारी फक्त खरेदीदारापुरती नाही. आज सॉफ्टवेअरबद्दल वाद होतात तेव्हा मला हे लाकडी चाक आठवतं. "तो भाग आमचा नाही" हे वाक्य शंभर वर्षांपूर्वीचं आहे.

आता आपल्याकडे येऊ.

१९३९ चा मोटार वाहन कायदा. त्यात थर्ड पार्टी विमा सक्तीचा झाला. १९५६ च्या दुरुस्तीनं आपलं मोटार अपघात दावा प्राधिकरण आलं, म्हणजे दिवाणी कोर्टाच्या लांबलचक वाटेनं जायची गरज उरली नाही. पण चूक सिद्ध करायची अट कायम राहिली. मुंबईच्या एका अपघातात मुंबई उच्च न्यायालयानं म्हटलं होतं की विमा सक्तीचा झाल्यावर भरपाईसाठी निष्काळजीपणा सिद्ध करायची गरज नाही. सर्वोच्च न्यायालयानं १९७७ मध्ये, मिनू मेहता यांच्या खटल्यात, ते मान्य केलं नाही. पण त्याच निकालात एक महत्त्वाची गोष्ट सांगितली: "गाडीत बिघाड झाला होता" असं मालक म्हणत असेल, तर योग्य निगा राखूनही तो दोष दिसणं शक्य नव्हतं हे त्यानंच सिद्ध करायचं.

१९८२ मध्ये संसदेनं पाऊल टाकलं. चूक असो नसो, मृत्यू झाला तर १५,००० रुपये, कायमचं अपंगत्व आलं तर ७,५००. पुढे ही रक्कम वाढत मृत्यूसाठी ५०,००० वर गेली. २०१९ च्या दुरुस्तीनं कलम १६४ आलं आणि १ एप्रिल २०२२ पासून लागू झालं: मृत्यू झाला तर ५ लाख, गंभीर दुखापत झाली तर अडीच लाख. कुणाची चूक हे मांडायचीही गरज नाही. द्यायचे गाडीच्या मालकानं किंवा विमा कंपनीनं.

मधे २००१ चा एक निकाल आहे, कौशनुमा बेगम यांचा. चालत्या जीपचं टायर फुटलं, जीप उलटली, रस्त्यानं चालणारा माणूस गेला. प्राधिकरणानं दावा फेटाळला होता: चालकाची चूक कुठाय? सर्वोच्च न्यायालयानं १८६८ च्या 'रायलंड्स विरुद्ध फ्लेचर' या जुन्या इंग्रजी निकालाचं तत्त्व लावलं. धोक्याची वस्तू ज्यानं आणली, त्यानं तिच्यामुळे झालेलं नुकसान भरावं. टायरच्या जागी 'सेन्सर' शब्द ठेवून हा निकाल पुन्हा वाचा.

म्हणजे पंगतीतल्या प्रश्नाचं अर्धं उत्तर आपल्या कायद्यात आजच आहे. उद्या चालक नसलेली गाडी कुणाला उडवून गेली, तरी कलम १६४ खालचे पाच लाख चालक कोण यावर अडत नाहीत.

मग अडतं कुठे? पाच लाखांच्या पुढे. तिशीतला कमावता माणूस गेला, मागे बायको, दोन पोरं, म्हातारे आईवडील. त्यांचं रास्त नुकसान पाच लाखांपेक्षा कितीतरी जास्त असतं. त्यासाठी कलम १६६ खाली दावा लावायचा, आणि तिथे नेहमीच्या कामकाजात चालकाचा निष्काळजीपणाच मध्यभागी असतो. आम्ही एफआयआर लावतो, पंचनामा लावतो, साक्षीदार आणतो. चालकच नसेल तर निष्काळजीपणा कुणाचा दाखवायचा? कोडचा पंचनामा कोण करणार? फौजदारी बाजूलाही तेच. १८७० मध्ये आलेलं भारतीय दंड विधानाचं कलम ३०४-अ आणि त्याच्या जागी आलेलं भारतीय न्याय संहितेचं कलम १०६, दोन्ही समोर माणूस धरूनच लिहिलेली आहेत. जानेवारी २०२४ मध्ये याच कलम १०६ मधल्या दहा वर्षांच्या शिक्षेवरून ट्रकचालकांनी संप केला, पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या, आणि तो भाग सरकारनं स्थगित ठेवला. आपली चर्चा अजून चालकाभोवतीच फिरते.

काही जण म्हणतील, आपल्याकडे या गाड्या येणारच नाहीत. नितीन गडकरी यांनी २०१७ पासून अनेकदा सांगितलंय की चालकांच्या नोकऱ्या जातील म्हणून भारतात त्यांना परवानगी देणार नाही. नोकऱ्यांचा मुद्दा खरा आहे. पण अर्धी स्वयंचलित गाडी आपल्या शोरूममध्ये आलीसुद्धा. लेन धरून चालणारी, समोरच्या गाडीप्रमाणे वेग कमी-जास्त करणारी, स्वतः ब्रेक मारणारी एडास यंत्रणा. एक्स्प्रेसवेवर हात सोडून बसल्याचे रील तुम्हीही पाहिले असतील. जाहिरातीत ती गाडी हुशार असते, आणि अपघात झाला की जबाबदार तुम्ही असता. टेम्पीची गोष्ट इथे परत येते.

बाहेर यावर काय केलंय? ब्रिटननं २०१८ च्या कायद्यात ठरवलं की स्वयंचलित गाडी स्वतः चालत असताना अपघात झाला तर विमा कंपनीनं आधी जखमीला पैसे द्यायचे, मग ज्याचा दोष त्याच्याकडून वसूल करायचे. २०२४ च्या कायद्यात पुढे जाऊन म्हटलं की गाडी स्वतः चालत असताना तिच्या चालवण्याबद्दल आत बसलेल्यावर खटला नाही, परवानगी घेतलेल्या कंपनीनं जबाबदारी घ्यायची. जर्मनीनं २०१७ मध्ये अशा गाड्यांसाठी भरपाईची कमाल मर्यादा ५० लाख युरोवरून १ कोटी युरो केली, आणि ताबा माणसाकडे होता की यंत्राकडे हे वेळेसकट नोंदवणं सक्तीचं केलं. युरोपीय संघानं २०२४ मध्ये सदोष उत्पादनाच्या कायद्यात सॉफ्टवेअर हेही 'उत्पादन' आहे असं स्पष्ट लिहिलं. ऑगस्ट २०२५ मध्ये मायामीच्या ज्युरीनं २०१९ च्या एका टेस्ला अपघातात चालकाला ६७ टक्के आणि कंपनीला ३३ टक्के जबाबदार धरलं. कंपनीच्या वाट्याला सुमारे २४ कोटी डॉलर आले. कंपनीनं अपिलाची घोषणा केली. आकडा बाजूला ठेवा, पण दोष वाटून देता येतो हे ज्युरीला समजलं.

नोंदी का महत्त्वाच्या, हे सॅन फ्रान्सिस्कोनं दाखवलं. ऑक्टोबर २०२३ मध्ये दुसऱ्या गाडीच्या धडकेनं एक पादचारी बाई क्रूझ कंपनीच्या चालकाविना टॅक्सीपुढे पडली. टॅक्सीनं तिला धडक दिली, थांबली, आणि मग तिला सुमारे २० फूट फरफटत नेलं. केंद्रीय तपासाला दिलेल्या अहवालात कंपनीनं फरफटल्याचा भागच सांगितला नाही. पुढे खोटा अहवाल दिल्याचं कबूल करून ५ लाख डॉलर दंड भरला. विचार करा, डेटा ज्याच्या हातात तोच आरोपी असेल, तर गावाकडच्या विधवा बाईनं काय सिद्ध करायचं?

मला वाटतं आपल्या कायद्यात तीन गोष्टी आजच लिहून ठेवाव्यात.

एक, भरपाई आधी, वाद नंतर. यासाठी काही आयात करायची गरज नाही. चालकाकडे वैध लायसन्स नसलं तर आपली प्राधिकरणं विमा कंपनीला सांगतात: आधी वारसांना पैसे द्या, मग मालकाकडून वसूल करा. 'पे अँड रिकव्हर' म्हणतो आम्ही त्याला. हेच एक पाऊल पुढे न्या. यंत्रणेचा दोष असेल तर विमा कंपनीनं गाडी बनवणाऱ्याकडून वसूल करावं. कंपनीशी झगडायला वकिलांची फौज विमा कंपनीकडे आहे, वारसांकडे नाही.

दोन, अपघातावेळचा गाडीतला डेटा ठरावीक दिवसांत प्राधिकरणात जमा झाला पाहिजे. नाही दिला तर दोष कंपनीचा धरावा. १९७७ च्या निकालानं बिघाडाचा पुरावा मालकावर टाकला. सॉफ्टवेअरचा पुरावा सॉफ्टवेअरवाल्यावर टाकणं त्याच रांगेतलं आहे.

तीन, रस्त्यावरच्या माणसाला थेट कंपनीवर दावा लावता यावा. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात सदोष उत्पादनाची जबाबदारी आली खरी, पण तो कायदा ग्राहकाचा. धडक बसलेला पादचारी त्या गाडीचा ग्राहक कुठे असतो? म्हणजे मॅकफर्सन यांना दिलेलं जुनं उत्तर आपण पुन्हा देणार: "तुमचा आमचा करार नाही."

तोवर ज्यांच्याकडे एडासवाली गाडी आहे त्यांनी एवढं करा. मॅन्युअलमधलं जबाबदारीचं पान वाचा, हात स्टिअरिंगवर ठेवा, विमा चालू ठेवा. आणि दुर्दैवानं काही घडलंच, तर गाडी दुरुस्तीला सोडण्यापूर्वी त्यातला डेटा जपून ठेवण्याबद्दल कंपनीला लेखी कळवा. पोच घ्यायला विसरू नका.

तुमच्या ओळखीत अशा गाडीचा अपघात झाला असेल, तर विमा कंपनीनं किंवा पोलिसांनी डेटाबद्दल काही विचारलं का, ते कमेंटमध्ये जरूर लिहा. नावं टाकू नका, एवढीच विनंती.